गल्लीला सांगून ठेवा



सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. डॉ. मोहन आगाशे यांनी साकारलेले संस्कृतचे पंडित स्मृतिभ्रंशाच्या भरात एका हत्तीमागे चालू लागतात आणि त्यांना सांभाळून घेते ती माहुताची बायको. गोष्ट कल्पित, पण क्रम खरा आहे. वाट चुकलेला म्हातारा आधी दिसतो तो रिक्षावाल्याला, टपरीवाल्याला, वॉचमनला. डॉक्टर आणि पोलीस नंतर. आणि आपण आजार लपवतो तो नेमका याच मंडळींपासून! मुलीचं लग्न व्हायचंय, घरात ‘वेड’ आहे म्हणतील, ही भीती.

आमच्याकडे असं कुणी नाही, असं कुणी म्हणालं की मी हिशेब मांडतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीचा अंदाज असा, की साठीपुढच्या शंभरांत सातांहून जास्त जणांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश आहे. देशभरात सुमारे ८८ लाख. तुमच्या सोसायटीत दीडशे ज्येष्ठ असतील, तर दहा-अकरा जण निघायला हरकत नाही. मग ते दिसत का नाहीत?

कारण आपण लपवतो. याच्या उलट उदाहरण पाहा. जपानमध्ये क्यूशू बेटावर ओमुता नावाचं शहर आहे. तिथली कोळशाची खाण १९९७ला बंद पडली, तरुण बाहेरगावी गेले, म्हातारे मागे राहिले. कोकणातून आलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. २००४ साली तिथे एक सराव सुरू झाला. एकानं हरवलेल्या वृद्धासारखं शहरात हिंडायचं, त्याचं वर्णन सगळीकडे कळवायचं आणि दिसेल त्यानं पुढे होऊन बोलायचं. खरी मेख या बोलण्यात आहे. बघणारे भरपूर असतात. काय बोलावं ते सुचत नाही, म्हणून पाय पुढे पडत नाही.

आपल्याला सुचतं ते भलतंच. “काका, ओळखलंत का? सांगा बघू मी कोण?” अहो, ही तोंडी परीक्षा कशाला? समोरून या, सावकाश बोला, “काका, मी दुसऱ्या मजल्यावरचा सुनील” असं आपणच सांगून टाका. दिवेलागणीला ते स्वतःच्याच घरात बसून “घरी जायचंय” म्हणतात. वाद घालू नका. “जाऊ या, आधी चहा घेऊ.” बहुतेकदा चहात निभावतं.

वाण्याला सांगा : दादा दुसऱ्यांदा दूध न्यायला आले तर देऊन टाक, हिशेब वहीत लिही. शेजाऱ्यांनी तासभर येऊन बसावं, म्हणजे सुनेला बँकेत तरी जाता येईल. माझ्या मते सगळ्यांत मोठी मदत हीच, आणि तीच कुणी करत नाही.

माणूस हरवला तर चोवीस तास थांबावं लागतं, हा समज डोक्यातून काढा; लगेच ११२ला फोन करा. खिशात नंबराची चिठ्ठी असू द्या. आणि फोटो ताजा ठेवा. लेंग्यावर बाहेर पडलेला माणूस वीस वर्षांपूर्वीच्या सुटाबुटातल्या फोटोवरून सापडत नाही.