आजारपणाचा पुरावा किती वेळा द्यायचा?

(चिंचपाडा, ता. नवापूर येथे कष्टकरी बायकांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलण्याची पद्धत तशीच ठेवली आहे.)



भाषण करायची मला सवय नाही. एका संस्थेच्या वसतिगृहात मी नऊ वर्षं मुलींचा स्वयंपाक केला. संस्थेचं नाव घेत नाही. नाव घेतलं की आपण त्या एकाच संस्थेवर बोलत बसू आणि बाकीच्या सगळ्या सुटतील. आज आपला विषय आहे दाखला. आजारी पडल्यावर मालक, साहेब, मुकादम आपल्याकडे मागतात तो डॉक्टरचा दाखला.

२०१४ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. मला तिसरा महिना होता. घरात फक्त नवऱ्याला माहीत होतं. एका गुरुवारी पहाटे भाकऱ्या थापताना पोटात कळ आली आणि अंगावरून जायला लागलं. तशीच घरी आले. गावातल्या डॉक्टरांनी तपासलं, औषध दिलं, पाच दिवस पडून राहा म्हणाले आणि तसं चिठ्ठीवर लिहूनही दिलं. सहाव्या दिवशी मी कामावर गेले, तर मस्टरवर पाचही दिवस लाल शाईने गैरहजेरी. मी चिठ्ठी पुढे केली. कारकून म्हणाला, "ही खाजगी आहे बाई. सिव्हिलचा दाखला आणा."

सिव्हिल म्हणजे नंदुरबार. आपल्याकडून जायचं तर पॅसेंजर नाही तर एसटी, म्हणजे दिवस मोडला. तिथे रांगेत उभी राहिले, नंबर लागला. डॉक्टर म्हणाले, "मी तुम्हाला त्या दिवशी तपासलंच नाही. मागच्या तारखेचा दाखला कसा देऊ?" त्यांचं काही चुकलं नव्हतं. जे पाहिलं नाही ते डॉक्टरने लिहू नये, हेच बरोबर आहे. गावातल्या डॉक्टरांकडून सगळे कागद घेऊन मी दुसऱ्या दिवशी परत गेले. ते वाचून, मला तपासून त्यांनी दाखला दिला. आजाराच्या रकान्यात इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं होतं. मला ते वाचता येत नव्हतं. कारकुनाला येत होतं.

त्याने ते मोठ्याने वाचलं. कार्यालयात तेव्हा दोन शिक्षक, शिपाई आणि धान्याची पोती घेऊन आलेला माणूस होता. चार दिवसांनी बाजारात माझ्या सासूच्या कानावर आलं, "तुझ्या सुनेचं पोट पडलं म्हणे." घरात काय झालं ते इथे सांगत नाही. तुम्हाला समजेल.

महिनाअखेरीस पगार कापला तो सात दिवसांचा. पाच दिवस आजारपणाचे आणि दोन दिवस आजारपण सिद्ध करायला गेलेले.

या हिशेबाचा मी पुष्कळ विचार केला. माझ्याकडून त्यांनी दोन गोष्टी घेतल्या. एक, दोन दिवसांची मजुरी. दुसरी, जी गोष्ट मी माझ्या सासूलाही सांगितली नव्हती ती. मी पाच दिवस काम करण्याच्या स्थितीत होते की नव्हते, एवढंच संस्थेला कळायला हवं होतं. पोटात काय झालं हे कळायची त्यांना काही गरज नव्हती.

पुढे आपल्या संघटनेच्या शिबिरात गेले तेव्हा कळलं, की गर्भपात झालेल्या बाईला सहा आठवड्यांची पगारी रजा १९६१ सालच्या मातृत्व लाभ कायद्यातच होती. कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया केली तर दोन आठवडे. गरोदरपणामुळे किंवा बाळंतपणामुळे दुखणं आलं तर आणखी एक महिन्यापर्यंत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण या तरतुदी तशाच राहिल्या आहेत. त्यासाठीही पुरावा द्यावा लागतोच. आमच्या संस्थेला तो कायदा लागू होता की नव्हता, हे मला कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण असा कायदा आहे हेच ठाऊक नव्हतं. आणि "रोजंदारीवरच्या बाईला कसली आलीय रजा?" असं कोणी म्हणालं तर लक्षात ठेवा. दिल्ली महापालिकेच्या मस्टरवरच्या मजूर बायकांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. रोजंदारीवरच्या बाईलाही बाळंतपणाचे लाभ मिळाले पाहिजेत, असा निकाल लागला. तारीख होती ८ मार्च २०००.

आता कोणी म्हणेल, दाखला मागितला तर बिघडलं काय? लोक खोटं बोलून रजा घेतात. घेतात, मीही पाहिलं आहे. कायम नोकरीवाला माणूस लग्नाला जाऊन येतो आणि ओळखीच्या डॉक्टरकडून तापाचं सर्टिफिकेट आणतो. खोटा दाखला देणाऱ्या डॉक्टरचं नाव नोंदणीतून काढता येतं, असं डॉक्टरांच्या २००२ सालच्या नियमांत लिहिलेलं आहे. तरी दाखले मिळतातच. म्हणजे ज्याच्याकडे पैसा आणि ओळख आहे त्याला हा नियम अडवत नाही. अडते कोण? जी खरंच आजारी आहे, पण घराबाहेर पडू शकत नाही, ती. आपल्या बायका दुखणं अंगावर काढतात. ताप आला तर काढा पितात, गोळी घेतात, गोधडी पांघरून पडतात. दोन दिवसांनी उठून कामाला लागतात. डॉक्टरने पाहिलंच नाही, मग दाखला आणणार कुठून? बरी झालेली बाई आजारी होती, हे कोण लिहून देणार?

आपल्या भागातला दुसरा प्रश्न सिकलसेलचा. नवापूर काय, धडगाव-अक्कलकुवा काय, आपल्या आदिवासी पाड्यांत हा आजार किती घरांत आहे ते तुम्ही जाणता. माझ्याबरोबर भांडी घासणाऱ्या एका बाईला तो होता. थंडी वाढली, अंगमेहनत जास्त झाली, पाणी कमी प्यायलं गेलं, की तिचे सांधे आणि पाठ अशी दुखायची की ती रडायची. तीन दिवस पडून राहायची, चौथ्या दिवशी हजर. वर्षातून चार-पाच वेळा असं व्हायचं आणि दर वेळी तिला विचारायचे, "दाखला कुठे?" हा आजार जन्मभराचा आहे. रक्ताची एक तपासणी झाली की तो सिद्ध होतो. मग दर वेळी नवा पुरावा कशाला? आणि एकदा तिने रक्ताचा रिपोर्ट दाखवलाच, तर काय झालं? पुढच्या जूनमध्ये तिला कामावर घेतलंच नाही. "सारखी आजारी असते" म्हणाले. कागद नसला तरी मरण, असला तरी मरण.

२०१६ सालच्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचं नाव आहे, हे तेव्हा तिला किंवा मला माहीत नव्हतं. सरकारी आस्थापनेने नोकरीच्या बाबतीत दिव्यांग व्यक्तीशी भेदभाव करायचा नाही, असं तो कायदा सांगतो. १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियानही सुरू झालं. तपासण्या वाढल्या, चांगलं झालं. पण तपासणीचा कागद बाईला औषधासाठी मिळतो की तिला कामावरून काढायला वापरला जातो, याच्यावर लक्ष आपल्यालाच ठेवावं लागेल.

बाईच्या शरीराची चौकशी करायचा मालकाला किती हक्क आहे, हा प्रश्न जुना आहे. १९९१ साली नीरा माथुर विरुद्ध आयुर्विमा महामंडळ हा खटला सर्वोच्च न्यायालयात चालला. नोकरीच्या फॉर्ममध्ये बायकांना विचारलेलं होतं, पाळी नियमित येते का, शेवटची कधी आली, किती वेळा दिवस गेले, गर्भपात झाला का. त्या बाई बाळंतपणाच्या रजेवरून परत आल्यावर, फॉर्ममध्ये खोटी माहिती दिली म्हणून त्यांना काढलं होतं. न्यायालयाने त्यांना कामावर परत घ्यायला लावलं आणि असले लाजिरवाणे प्रश्न फॉर्ममधून काढून टाका असं महामंडळाला सांगितलं. फॉर्ममधून प्रश्न गेले. पण माझ्या दाखल्यावर तेच सगळं लिहून आलं आणि कारकुनाने ते वाचलं. म्हणजे पुढच्या दाराने काढलेलं मागच्या दाराने आत आलं.

आणि जिथे दाखलासुद्धा चालत नाही, तिथे काय होतं? आपल्याकडची माणसं ऊसतोडीला गुजरातमध्ये जातात. तिकडे बीडचे लोक पश्चिम महाराष्ट्रात जातात. तिथे आजारपण असं काही नसतंच, असतो तो खाडा. एक दिवस चुकला की पैसे कापायचे. २०१९ मध्ये बीडच्या बातम्या आल्या, की पाळीचा आणि पोटाचा त्रास नको, खाडा नको म्हणून बायकांची गर्भाशयं काढलेली आहेत. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती नेमली. तिने ८२,३०९ ऊसतोड बायकांची माहिती घेतली. त्यातल्या १३,८६१ बायकांची गर्भाशयं काढलेली निघाली. ज्या कामात दोन दिवस पडून राहायची सोय नाही, तिथे बाई शरीराचा अवयवच काढून देते. म्हणून म्हणते, हा कागदाचा किरकोळ प्रश्न नाही.

मग आपण मागायचं काय? दाखलाच नको, असं मी म्हणत नाही. महिनाभर कोणी आलं नाही तर मालक विचारणारच. कामगार राज्य विमा योजनेत आजारपणात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो, तोही विम्याच्या डॉक्टरच्या दाखल्यावरच. ज्यांना ती योजना लागू आहे त्यांनी तो दाखला घ्यावाच. माझ्या मागण्या वेगळ्या आहेत.

पहिली, तीन दिवसांपर्यंतच्या आजारपणाला बाईचा शब्द पुरे. तिने सही किंवा अंगठा करून लिहून द्यावं, "मी आजारी होते." यात काही जगावेगळं नाही. इंग्लंडमध्ये पहिल्या सात दिवसांसाठी कामगाराने स्वतः लिहून दिलेलं चालतं.

दुसरी, दाखल्यावर फक्त तारखा असाव्यात. या दिवसापासून या दिवसापर्यंत काम करण्यास असमर्थ, बस्स. डॉक्टरांच्या २००२ च्या नियमांतल्या नमुन्यात आजाराचं नाव लिहायची जागा आहे. मालकाला द्यायच्या दाखल्यातून ती जागा काढा, अशी मागणी आपण लावून धरली पाहिजे.

तिसरी, ज्याला अमक्याच डॉक्टरचा दाखला हवा, त्याने जाण्यायेण्याचं भाडं आणि त्या दिवसाची मजुरी द्यावी. सरकारी कर्मचाऱ्यांच्या १९८१ च्या रजा नियमांतही नोंदणीकृत डॉक्टरचा दाखला चालतो. शंका आली तर साहेबाने सरकारी डॉक्टरकडून पुन्हा तपासणी करून घ्यायची असते. शंका साहेबाची, मग खर्च स्वयंपाकिणीचा का?

चौथी, उपकेंद्रातल्या नर्सताईंनी तपासून लिहिलेलं थोड्या दिवसांच्या आजारपणाला चालावं. आपल्या पाड्यावर येतात त्या नर्सताई, सिव्हिल सर्जन नव्हे.

हे मिळेल तेव्हा मिळेल. तोवर उद्यापासून काय करायचं तेही सांगते. दुखणं आलं की शक्यतो त्याच दिवशी दाखवा, म्हणजे तारीख पडते. डॉक्टरने दाखल्यांची नोंदवही ठेवायची असते आणि त्यात तुमची सही किंवा अंगठा आणि शरीरावरची एक खूण लिहायची असते. तेव्हा नोंद झाली का, हे विचारा. आपले उपचाराचे कागद मागितले तर ७२ तासांत द्यायचे, असाही नियम आहे. दाखला बंद पाकिटात द्या. आधी झेरॉक्स काढा आणि कार्यालयातून पोच घ्या. पोच दिली नाही तर दोघीजणी मिळून जा. एकटीला हाकलतात, दोघींना विचार करून बोलतात. आणि कोणाचा दाखला मोठ्याने वाचला गेला, तर तिथल्या तिथे म्हणा, "साहेब, तो कागद तुमच्यासाठी आहे, सगळ्यांसाठी नाही." त्या दिवशी मला हे वाक्य सुचलं नव्हतं. सुचलं असतं तरी बोलायची हिंमत झाली नसती, कारण मी एकटी होते.

ती भांडी घासणारी मैत्रीण आज इथे बसली आहे. तिने परवानगी दिली म्हणूनच तिच्याबद्दल बोलले. नाव मात्र सांगणार नाही. आपल्या मागणीची सुरुवात आपल्यापासूनच व्हायला हवी.

एवढं बोलून थांबते.