दूध नको, वडी चालेल

बेळगाव असो की निपाणी, खानापूर असो की चिकोडी, शाळा सुटून मुलं घरी आली की बऱ्याच घरांत तोच संवाद सुरू होतो. आई दुधाचा पेला पुढं करते आणि पोरगं नाक मुरडतं. "साय हाय त्यात." आई साय काढते. "अजून हाय." आई गाळणी घेते. "आता गार झालं." मग आजी मध्ये पडते, "अगं, खाईना झालंय तर राहू दे की, घशात कोंबणार हाईस काय?" आणि तो पेला शेवटी मांजराच्या वाट्याला जातो.

या भांडणात पोराची बाजूही ऐकून घेण्यासारखी आहे. जन्मताना तीन किलोच्या आसपास असलेलं बाळ पहिल्या वर्षात वजन तिप्पट करतं, म्हणजे सहाएक किलोची भर घालतं. दुसऱ्या वर्षी ही भर जेमतेम दोन-अडीच किलो असते. वाढीचा वेग उतरला की भूकही उतरते, आणि नेमकं तेव्हाच घरात "आधी कसं सगळं खायचं!" हे पालुपद सुरू होतं. त्यात भर म्हणजे दोन ते सहा वर्षांच्या मुलांना अनोळखी पदार्थाचा धसका असतो. नवा घास एकदा थुंकला म्हणजे तो कायमचा नावडता झाला, असं नसतं. कित्येक मुलांना तोच पदार्थ आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा समोर यावा लागतो, तेव्हा कुठं जीभ तयार होते. आया मात्र तिसऱ्याच दिवशी हात टेकतात.

बारकाईनं पाहिलं तर किरकिऱ्या मुलांची तक्रार चवीबद्दल कमी आणि तोंडाला काय लागतं याबद्दल जास्त असते. सायीचा बुळबुळीत पापुद्रा, खिरीत भिजून टम्म फुगलेला बेदाणा, दातात अडकणारं वेलदोड्याचं टरफल. वेलदोडा आवडत नाही म्हणणारं मूल वेलचीच्या वासाचं आइस्क्रीम मजेत खातं, तेव्हा गोम कुठं आहे ते कळतं. सीमाभागाची शान म्हणजे खपली गव्हाची खीर. गहू ओलवून, कांडून, तासन्‌तास शिजवलेला. त्यात गूळ, खसखस, ओलं खोबरं. लग्नात आणि जत्रेत पंगतीत मोठी माणसं ती ओरपतात आणि चार वर्षांचं पोर प्रत्येक दाणा जिभेवरून काढून ताटाच्या कडेला मांडून ठेवतं. हीच खीर अर्धी मिक्सरमधून काढून, पुन्हा आटवून, वाटीत घट्ट होऊ दिली तर तेच पोर दुसरी वाटी मागतं. म्हणजे जिन्नस तेच ठेवून पोत बदलायचा. पुडिंग म्हणतात ते तरी दुसरं काय असतं?

आणि पुडिंग ही काही बाहेरून आलेली नवलाई नव्हे. उन्हाळ्यात ज्या घरी कुरडया घालतात त्या घरी ते दरवर्षी होतं. गहू तीन दिवस भिजत पडतात, पाणी रोज बदललं जातं, तरी परसात आंबूस वास दरवळतोच. मग ते वाटायचे, पिळून चोथा वेगळा करायचा, पांढरं पाणी रात्रभर हलवायचं नाही. सकाळी वरचं पाणी अलगद ओतून दिलं की तळाला घट्ट पांढरा चीक बसलेला असतो. उकळत्या पाण्यात मीठ घालून तो वैरला की दोघी बायकांचं काम सुरू होतं. एकीनं पातेलं धरायचं आणि दुसरीनं लाकडी दांड्यानं घोटायचं, हात थांबला की गुठळी झालीच. थोड्या वेळानं पांढरा रंग जातो आणि चीक काचेसारखा चकचकीत होतो, दांड्यावरून सलग पट्ट्यासारखा घसरतो. सोऱ्यात भरण्याआधी त्यातला डावभर चीक वाटीत येतो. वर दूध, साखर, तुपाची धार. वर्षभर दुधाला नाक मुरडणारी मुलं त्या सकाळी न बोलावता ओळीनं बसलेली असतात.

त्या पातेल्यात जे घडतं तेच जगातल्या निम्म्याअधिक पुडिंगांत घडतं. पिठातल्या स्टार्चचे कण गरम पाण्यात पाणी शोषून फुगतात, पातळ द्रव दाट होतो आणि निवताना थिजतो. इंग्लंडात बर्मिंगहॅम शहरात १८३७ साली आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधविक्रेत्याच्या बायकोला अंडी सोसत नव्हती, म्हणून त्यानं अंड्याऐवजी मक्याच्या पिठावर कस्टर्ड जमवलं. तीच कस्टर्ड पावडर. आपल्याकडं १९५६ साली पुण्यात वीकफिल्ड कंपनी सुरू झाली आणि तिचा डबा हळूहळू गावोगावच्या दुकानांत जाऊन बसला. सत्यनारायणाला आलेले पाहुणे असोत की वाढदिवसाची पोरं, फ्रूट कस्टर्डची पातेली आता निपाणीतही चढतात. डब्यात मुख्यतः मक्याचं स्टार्च, रंग आणि व्हॅनिलाचा वास असतो. त्यात वाईट काही नाही, पण अंगी लागतं ते त्यात घातलेलं दूध. पिवळ्या रंगापायी महागडा डबा आणायचा की घरातलंच पीठ वापरायचं, हा खरा प्रश्न.

घरातलं म्हणजे अर्थातच नाचणी. खानापूरच्या डोंगराळ भागात ती भाकरीची, आंबिलीची. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. गहू-तांदूळ त्याच्या जवळपासही येत नाहीत. कर्नाटकातल्या सरकारी शाळांत २०१३ सालापासून क्षीरभाग्य योजनेचं दूध मिळतं, आणि २०२४ पासून आठवड्यातले तीन दिवस त्यात रागी माल्ट मिसळून देतात. त्यामुळं बेळगावच्या मराठी शाळेतल्या मुलालाही नाचणीची ओळख आता आयती आहे. घरी तिची वडी करायची तर अर्धी वाटी पीठ आधी थोड्या गार पाण्यात कालवून घ्यावं, नाहीतर गुठळ्या फोडता फोडता हात भरून येतो. मग दोन वाट्या दूध किंवा नारळाचं दूध घालून मंद आंचेवर हलवत राहावं. आठ-दहा मिनिटांत गोळा पातेल्याची कड सोडतो. गूळ घालायचा असेल आणि दूध गाईम्हशीचं असेल तर भांडं खाली उतरवून, वाफ थोडी गेल्यावर गूळ घालावा. उकळत्या दुधात गूळ पडला की दूध नासण्याचा धोका असतो. तूप लावलेल्या ताटलीत थापलं, गार झालं, की सुरी न घेता बाटलीचं झाकण मुलाच्या हातात द्यावं. झाकणानं पाडलेल्या गोल चकत्या मूल स्वतःच्या मालकीच्या समजतं. नाचणीचा तपकिरी रंग पाहून काही आया त्याला 'चॉकलेट पुडिंग' म्हणतात. चमचाभर कोको घातला तर ते खोटंही ठरत नाही.

एक बारीकशी गोष्ट इथं सांगायला हवी. बाळांसाठी म्हणून केलेलं नाचणीचं सत्त्व गाळून घेतलेलं असतं. ते पोटाला हलकं आणि तोंडाला मऊ, पण नाचणीतलं कॅल्शियम बरंचसं कोंड्यात असतं, ते गाळणीवरच राहतं. मूल दोन वर्षांचं झालं, चावायला लागलं की मोड आणून दळलेलं अख्खं पीठ बरं.

बेळगाव आणि खानापूर तालुक्यांच्या पश्चिमेकडल्या गावांत रताळ्याचं पीक मोठं. महाशिवरात्र आणि एकादशीच्या आधी बेळगावच्या मार्केट यार्डात पोत्यांच्या थप्प्या लागतात आणि इथली रताळी दूरच्या बाजारांत जातात. घरी मात्र ती उपवासापुरती उरतात, ही मोठी गैरसोय. रताळं सावकाश गरम होत गेलं की त्यातलाच एक पाचक घटक स्टार्चची साखर करत जातो. म्हणून चुलीच्या राखेत भाजलेलं रताळं कुकरात झटपट उकडलेल्यापेक्षा गोड लागतं. ही गोडी फुकटची. पाव किलो रताळी भाजून, सोलून, दोरे काढून कुस्करायची, दीड वाटी दूध आणि चमचाभर तांदळाचं पीठ घालून घट्ट होईतो ढवळायची, वर किंचित जायफळ. साखर दोन चमच्यांवर जात नाही. तांदळाचं पीठ बेळगाव बासमतीचं असेल तर वासानंच निम्मं काम होतं. निपाणी-चिकोडीकडं जैन घरं पुष्कळ. तिथं कंदमूळ चालत नाही. त्यांनी हाच प्रकार तांबड्या भोपळ्याचा करावा. भोपळ्याला पाणी सुटतं, तेवढं आधी परतून आटवावं.

आता कुंद्याचं नाव अजून कसं आलं नाही, असं कुणाला वाटलं असेल. बेळगावातून बाहेर जाणाऱ्या बसमध्ये कुंद्याचं एक तरी खोकं असतंच. खवा विस्तवावर जरा जास्तच राहिला आणि त्यातून कुंदा जन्मला, अशी गोष्ट सांगतात. पण दूध आणि साखर तांबूस होईतो आटवलेला हा ऐवज मुलाच्या रोजच्या वाटीतला नव्हे. चमचाभर, सणासुदीला, एवढाच.

खरवसाची गोष्ट निराळी. इथं पिठाचा संबंधच नाही. व्यालेल्या गाईच्या पहिल्या धारेच्या चिकात चौदा टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात, नेहमीच्या दुधात ती साडेतीन टक्क्यांच्या आतबाहेर. चिकातल्या या जादा प्रथिनांना वाफ लागली की ती गोठतात. म्हणूनच पहिल्या दिवसाच्या चिकात बरोबरीनं दूध घातलं तरी खरवस सुरीनं कापता येतो, आणि तिसऱ्या दिवसाचा चीक कितीही वाफवला तरी ढिला राहतो. वासराचं पोट भरल्यावर उरलेला चीक खेड्यात शेजारी वाटतात आणि भांडं रिकामं परत येत नाही, त्यात काहीबाही असतंच. शहरात ही वाट बंद झाली. पाकिटातली पावडर आणून खरवस करणारे आहेत, पण त्याहून सोपा मार्ग बेळगावच्या कॅम्पातल्या गोवेकर घरांना पूर्वीपासून ठाऊक आहे. तो म्हणजे कॅरामल पुडिंग. तिथं चिकाचं काम अंडं करतं.

साखर कोरडीच भांड्यात वितळवून तांबूस करायची आणि तळाला पसरायची. अर्धा लिटर दूध, तीन अंडी, चार-पाच चमचे साखर फेस न काढता ढवळायची आणि गाळून ओतायची. गाळण्यात कंटाळा केला तर अंड्याचे पांढरे धागे राहतात, आणि किरकिरं पोर नेमका तोच धागा पहिल्या घासाला शोधून काढतं. मग झाकण लावून मंद वाफ. अंडं-दुधाचं मिश्रण ऐंशी अंशांच्या आसपास थिजतं. आंच मोठी केली की आतलं पाणी उकळून भोकं पडतात आणि कडेनं पाणी सुटतं. झाकणाला आतून फडकं बांधलं तर वाफेचे थेंब वर पडत नाहीत. शाळेच्या जेवणात २०२२ पासून कर्नाटकभर अंडं मिळतं, न खाणाऱ्यांना केळं; २०२५ पर्यंत चिक्कीही मिळायची. उकडलेल्या अंड्याच्या वासानं पळणारी मुलं हेच अंडं पुडिंगमधून ओळखतसुद्धा नाहीत. ज्या घरात अंडं येत नाही तिथं चायना ग्रास आहे. ते समुद्रशेवाळापासून होतं, उकळून दुधात घातलं की फ्रीजबाहेरही थिजतं, त्यामुळं उन्हाळ्यात वीज गेली तरी मूल रडत नाही.

इतका खटाटोप करून घरं एक चूक करतात. "भाजी संपव, मग पुडिंग." १९८४ साली अमेरिकेत लीन बर्च यांनी सहकाऱ्यांबरोबर बालवाडीच्या वयाच्या मुलांवर एक प्रयोग केला. दुधाचं एक नवं पेय प्यायलं की काही मुलांना बक्षीस मिळायचं, काहींना शाबासकी. थोड्या आठवड्यांनी पाहिलं तर या दोन्ही गटांना ते पेय आधीपेक्षा कमी आवडू लागलं होतं. हिशेब मुलांना बरोबर कळतो. ज्याच्यासाठी लाच द्यावी लागते ते वाईटच असणार, आणि लाच म्हणून जे मिळतं ते भारीच असणार. त्यापेक्षा छोटी वाटी ताटातच भाजीशेजारी वाढावी. आधी तीच संपेल, संपू दे. दुसरी मिळणार नाही एवढं ठरलेलं असलं की पोर पाचव्या-सहाव्या दिवशी भाजीकडंही बघायला लागतं. निदान आरडाओरडा तरी थांबतो.

लहानग्यांच्या बाबतीत हात आखडता ठेवलेलाच बरा. दोन वर्षांच्या आत वरून साखर-गूळ नको असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, तिथं पिकलं केळं किंवा भिजवलेला खजूर पुरतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर मुळीच देऊ नये. त्यातून बोट्युलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते. पाच वर्षांखालच्यांच्या वाटीवर अख्खे शेंगदाणे-काजूही पेरू नयेत, ते घशात अडकतात. सजावट हवीच असेल तर कूट करावा.

राहता राहिलं पातेलं. पुडिंग वाटीत गेलं की तळाला खरवड उरते, आणि तिच्यावर मुलांचा हक्क असतो असं सगळे म्हणतात. प्रत्यक्षात चमचा घेऊन पहिले येतात ते आजोबा. त्यांच्या साखरेचा हिशेब दुसऱ्या एखाद्या भाषणात पाहू.