सावकाश

मंदगतीला नावे ठेवताना माणसाला प्राणी आठवतात. चिनी भाषेत ‘म्हातारा बैल, मोडकी गाडी’ असे म्हणतात. कधी गोगलगायीच्या चालीला बैलाचे पाऊल जोडतात. तमिळ ‘आमै वेगम्’ म्हणजे तर आपलीच कासवगती. परंतु मंदपणा हा नेहमी दोषच असतो काय?

तंजावरात मराठी व तमिळ या भाषा सतराव्या शतकापासून शेजारी नांदत आहेत. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरविला. तेथे तमिळ माणसाच्या तोंडी ‘सावकासमा’ हा शब्द ऐकून मराठी पाहुणा चमकतो. हा तर आपला सावकाश! अवकाशासह जे, ते सावकाश. तमिळ ‘निदानम्’ मात्र त्याला चकवितो. मराठीत निदान रोगाचे होते. तेथे निदानम् म्हणजे तोललेला, शांत स्थिरपणा.

जवळच्या तिरुवारूरचा प्रचंड रथ ओढताना चाकांखाली लाकडी ठोकळे घालून त्याला वळवितात आणि आवरतात. तो वेगाने सुटला, तर माणसे चिरडतील. त्याची मंदगती आळसाची नव्हे, जबाबदारीची आहे.

मराठीने ‘सावकाश’ संस्कृतातून घेतला आणि ‘दिरंगाई’ फारसीतून. कचेरीत कागद पडून राहणे ही दिरंगाई. तो नीट वाचून मगच सही करणे हे सावकाश काम. दोहोंना एकच नाव दिले, की आळशाला आसरा मिळतो आणि विचारी माणसाला बोल लागतो.