मोटरचा आकडा
आम्ही भाजीपाला करणाऱ्या गटातल्या बाया बोलतोय. आज बी-बियाण्याचं नाही, मोटरच्या स्टार्टरचं सांगायचंय. हसू नका. मागल्या उन्हाळ्यात ऐन मिरचीच्या तोड्यात आमची मोटर जळाली, आणि ती आम्हीच जाळली म्हटलं तरी चालेल.

शेतीची लाईट कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की बॅटरी घेऊन विहिरीवर जायचं, वाटेत विंचू-साप. म्हणून आम्ही पेटीत ऑटो स्विच बसवला. लाईट आली की मोटर आपोआप चालू. चार दिवस सुखात गेले. मग मोटर पंधरा-वीस मिनिटं चालून बंद पडायला लागली. बटण दाबलं की चालू, थोड्या वेळानं पुन्हा बंद.

स्टार्टरमध्ये एक रिले असतो. त्यावर छोटी चकती आणि अँपिअरचे आकडे असतात. मोटर त्या आकड्यापेक्षा जास्त करंट ओढू लागली की आतल्या पट्ट्या तापून वाकतात आणि मोटर बंद करतात. आमची मोटर ५ हॉर्सपॉवरची. तिच्या पट्टीवर ७.५ अँपिअर लिहिलंय, चकतीही तिथंच होती. एक जण म्हणाला, "काकू, १० वर करा, बंद पडणार नाही." केली. खरंच बंद पडली नाही. चौथ्या दिवशी फ्यूज उडाला आणि मोटर गेली. वर काढायला माणसं, भरायला पैसे, आठ दिवस पाणी नाही. अर्धी मिरची वाळली. गटाच्या मिटिंगीत कोण कोणाला काय बोललं, ते इथं सांगत नाही.

मोटर भरून आली, सोडली, आणि पुन्हा तेच! या वेळी आकड्याला हात लावला नाही. वायरमनला बोलावलं. त्यानं टाँग टेस्टर एकेका तारेभोवती धरला. दोन तारांत ९ च्या आसपास, तिसरीत ६. मग मेन बंद करून त्यानं मोटरकडं जाणाऱ्या तिन्ही तारा एकेक घर पुढं सरकवल्या. तिन्ही सरकवायच्या बरं का, दोनच बदलल्या तर मोटर उलटी फिरते आणि पाणी कमी येतं. पुन्हा मोजलं, तर ६ चा आकडा लाईनच्या त्याच फेजवर. दोष मोटरचा असता तर तो मोटरच्या तारेबरोबर सरकला असता. मागं शोधत गेलो तर एका फ्यूजची पकड ढिली होऊन काळी पडलेली. ती बदलली, तिन्ही तारा ७ वर आल्या. रिले बिचारा पहिल्यापासून खरं सांगत होता.

दुसरा घोळ मार्चमध्ये. पेटीत ड्राय रनचं सेटिंग असतं. पाणी संपलं की करंट उतरतो, त्यावरून मोटर बंद होते. आमचं सेटिंग दिवाळीनंतर केलेलं, विहीर भरलेली असताना, आणि चालू करंटच्या अगदी जवळ. उन्हाळ्यात पाणी खोल गेलं, मोटर कमी पाणी उचलू लागली, करंटही थोडा उतरला. विहिरीत पाणी असूनही पेटी म्हणे, पाणी संपलं! ते सेटिंग थोडं खाली घेतलं. आता पाणी खोल गेलं की पुन्हा मोजतो.

राहिला ऑटो स्विच. महावितरण म्हणतं, तो काढा, कपॅसिटर बसवा. खोटं नाही ते. लाईट येताच साऱ्या मोटरी एकदम उठतात, आणि उठताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. डीपी तरी किती सोसणार? कपॅसिटर आम्ही बसवला. ऑटो मात्र ठेवलाय, कारण रात्री विहिरीवर जायला कोणी तयार नाही. यावर आमच्यात अजून एकमत नाही. तोवर शेजाऱ्यांशी बोलून वेळ वाटून घेतलीय. कोणाची मोटर लाईट आल्यावर मिनिटानं उठते, कोणाची तीन मिनिटांनी. आमची पाचव्या मिनिटाला.

पेटीच्या दारावर आतून कागद चिकटवलाय. रिले ७.५, तिन्ही तारांचे आकडे, मोजल्याची तारीख. पेटी उघडायची तर आधी मेन बंद. किल्ली अध्यक्षबाईंकडं, आणि आता चकतीला कोणाचाही हात लागला की ते मिटिंगीत सांगावं लागतं.