दुरुस्तीची वही कोणाची?



या व्यासपीठावरून साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान अशा थोर विषयांवर विद्वानांची भाषणे होतात. आम्ही विद्वान नव्हे. कामगारांच्या सभा आणि सार्वजनिक वाचनालयातली बाके हीच आमची शाळा. म्हणून विषयही आम्ही हाताशी असलेलाच घेतला आहे. गावात यंत्र बसते तेव्हा नारळ फुटतो, फोटो निघतो. पुढे ते बिघडते, कोणीतरी येऊन दुरुस्त करतो आणि निघून जातो. त्या दुरुस्तीची नोंद कोठे राहते व ती कोणाची असते, एवढेच आज आम्हांस विचारावयाचे आहे.

प्रश्न नवा नाही. आपल्या शेजारच्या जालन्याचेच उदाहरण घ्या. पूर्वी गावोगाव बसविलेले बिडाचे हातपंप एका कुटुंबाच्या वापरासाठी घडविलेले असत. सबंध गावाचा भार पडला की ते मोडत. जालन्याच्या मिशनमधील मंडळींनी दुरुस्त्या करता करता त्यावर मजबूत पोलादी पंपाची तोड काढली. सोलापुरात तीत आणखी सुधारणा झाली आणि त्याच वाटेने १९७० नंतरच्या दशकात ‘इंडिया मार्क टू’ हा हातपंप देशभर गेला. म्हणजे कोणता भाग कोठे व का मोडतो हे ज्यांनी ध्यानात ठेवले, त्यांच्याच हातून चांगला पंप निपजला.

पण चांगला पंपही कधीतरी बंद पडतोच. म्हणून तमिळनाडूत १९७६ च्या सुमारास तीन पायऱ्यांची व्यवस्था लावली गेली: गावात पंपाची राखण करणारा एक माणूस, गटाच्या ठिकाणी एक मिस्त्री आणि जिल्ह्याला गाडीसह एक पथक. गावच्या माणसाजवळ पत्ता घातलेली पोस्टकार्डे असत. पंप बिघडला की कार्ड पेटीत टाकावयाचे. आज ज्याला ‘तक्रार नोंदविणे’ म्हणतात, त्याचे ते साधे रूप होते.

आता आपल्या जिल्ह्यात या. जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेड, कोठेही जा, शिवारात सौरपंपांच्या प्लेटा चमकताना दिसतात. केंद्राची कुसुम योजना २०१९ ची. राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजना २०२४ ची. शेतकऱ्याने किमतीचा दहा टक्के वाटा भरावयाचा, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने पाच टक्के. जमिनीच्या मानाने तीन, पाच किंवा साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो आणि पाच वर्षे दुरुस्तीची हमी असते. योजना चांगली आहे. रात्रीच्या विजेसाठी अंधारात, विंचूकाट्यातून विहिरीवर जाणे ज्याचे चुकले, त्याला तिचे मोल विचारा.

ही हमी पाळली जाते ती मोबाईलमधल्या सॉफ्टवेअरच्या आधारे. शेतकरी तक्रार करतो, ती टेक्निशियनच्या मोबाईलवर उतरते, तो मोटारसायकलवरून शेतावर जातो, काम करतो आणि तक्रार ‘बंद’ करतो. अशा सॉफ्टवेअरमध्ये मुळात तीन खाती मांडता येतात: एक ग्राहकाचे, एक त्याच्याकडे बसविलेल्या यंत्राचे आणि एक प्रत्येक वेळी केलेल्या कामाचे. यांतले मधले खाते सर्वांत महत्त्वाचे. यंत्राचा क्रमांक, ते बसविल्याची तारीख, बदललेले भाग, आधीचे बिघाड हे सारे त्या खात्यात एकाखाली एक यावयास हवे. नेमके तेच खाते घाईत रिकामे राहते, कारण वरच्या साहेबाला आकडा हवा असतो तो बंद झालेल्या तक्रारींचा.

यात काय बिघडते ते पाहा. समजा, मानवत तालुक्यातल्या एका शेतात वर्षात तीनदा कंट्रोलर जळाला. तीनदा माणूस आला, तीनदा नवा कंट्रोलर बसला, तीन तक्रारी वेळेत बंद झाल्या. कागदावर काम उत्तम! पण तिन्ही नोंदी त्या एका यंत्राच्या नावावर जोडलेल्या असत्या, तर चौथ्याच माणसाने विचारले असते की बाबांनो, येथे अर्थिंग नीट आहे का? केबल उंदरांनी कुरतडली आहे का? तक्रार मोजली गेली, यंत्र मात्र कोणी पाहिलेच नाही. आणि पाणी न मिळाल्याने जो हरभरा वाळला, त्याला तर कोणत्याच खात्यात रकाना नाही.

दुसरी बाजू कामगाराची. तो किती वाजता पोचला, किती मिनिटे थांबला, हे मोबाईल टिपतो. चिखलातून गाडी ढकलीत नेली, हे टिपीत नाही. ज्याने अर्थिंग शोधण्यात दोन तास घालविले तो मंद ठरतो आणि भाग बदलून पंधरा मिनिटांत निघाला तो चपळ! अशा मोजमापाने चांगला कारागीर घडत नाही, उलट असलेला बिघडतो.

हे आम्ही केवळ संघटनेच्या अभिमानाने सांगत नाही. ‘झेरॉक्स काढून आण’ असे आपण रोज म्हणतो, त्या झेरॉक्स कंपनीतल्या दुरुस्ती कामगारांचा ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञाने अभ्यास केला; त्याचे पुस्तक १९९६ साली निघाले. त्याला दिसले की अवघड बिघाडांचे ज्ञान कंपनीच्या छापील पुस्तकापेक्षा कामगारांच्या चहा-जेवणाच्या गप्पांत अधिक होते. पुढे त्याच कंपनीत कामगारांनी सुचविलेल्या युक्त्या संगणकावर साठविल्या गेल्या. युक्ती सहकाऱ्यांनी तपासावयाची आणि तिच्यापुढे ती देणाऱ्याचे नाव राहावयाचे. नोंद म्हणजे कामगारावरचा पहारा न होता त्याचे लेखन झाले.

तेव्हा आमचे म्हणणे चार गोष्टींत सांगतो. प्रत्येक दुरुस्ती यंत्राच्या क्रमांकावर चढावी आणि पुन्हा आलेली तक्रार जुन्या तक्रारीला जोडली जावी. बिघाडाचे कारण मराठीत, शेतकऱ्याच्या आणि कारागिराच्या शब्दांत लिहिले जावे. पाणी पडलेले पाहून शेतकऱ्याने होय म्हटल्याशिवाय तक्रार बंद होऊ नये. आणि कारण शोधण्यात व वाटेत गेलेला वेळ हे काम समजून त्याचा मोबदला मिळावा.

याशिवाय एक गोष्ट आपल्या हातची आहे. २०२५ साली बसलेल्या पंपाची हमी २०३० साली संपेल. प्लेटा मात्र वीस-पंचवीस वर्षे उभ्या राहतील. त्या वेळी गावचा मिस्त्री विचारील, ‘आजवर काय काय बदलले?’ सारी नोंद पुरवठादाराच्या संगणकात असेल आणि पुरवठादार जिल्ह्यातून निघून गेलेला असेल, तर उत्तर कोण देणार? म्हणून शेतकऱ्याने आजच दहा रुपयांची एक वही घ्यावी, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कंट्रोलरजवळ टांगावी आणि येणाऱ्या प्रत्येक माणसाकडून तारीख, काम व नाव लिहून घ्यावे. कारागीर बंधूंनीही ती आनंदाने भरावी; त्यांच्या कसबाचा तो दाखला आहे.

यंत्र शेतकऱ्याचे, कसब कामगाराचे; मग वही परक्याची का असावी?