सांगणारीचा हक्क



या व्यासपीठावर उभं राहून मी एकाच गोष्टीविषयी बोलणार आहे. दुःख सांगितल्याने हलकं होतं, असं आपण सहज म्हणतो. ते कधी होतं आणि कधी होत नाही, याचा विचार लेखकांनी करायला हवा.

जात्यावर बसणाऱ्या बायांनी तो फार पूर्वीच केला होता. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत सासुरवासाचं गाऱ्हाणं कितीदा तरी सीतेच्या नावाने येतं. वनवास सीतेचा, रडणं गाणारीचं. घरच्यांना नावं ठेवल्याचा ठपका नको, म्हणून घेतलेली ही आड. खुंट्याला दुसरा हात लावणारीला सगळं कळतं; ती विचारत काही नाही, पुढची ओवी जोडते. किती सांगायचं आणि कुणाच्या नावावर, हे गाणारीच ठरवते. मला उपचाराचं मर्म इथे दिसतं.

मनातलं सांगण्याचा परिणाम प्रयोगातही तपासला गेला आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहायला बसवलं. मनाला लागलेल्या प्रसंगावर लिहून उठताना मुलं अधिकच खिन्न असत. मात्र घडलेलं आणि त्याविषयी वाटलेलं, दोन्ही लिहिणाऱ्यांना पुढच्या काही महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा जावं लागलं. म्हणजे सांगताना आधी जखम ठणकते, हे धरूनच चालायला हवं.

पण ही ठणकणारी जखम कुणाच्या हाती असते, याने फरक पडतो. विदर्भात ‘तेरवं’ हे नाटक उभं राहिलं. लेखन श्याम पेठकर यांचं, दिग्दर्शन हरीश इथापे यांचं. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या पत्नी त्यात स्वतः काम करतात. त्यांतल्याच एकीच्या हस्ते २०१९ मध्ये यवतमाळच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं उद्घाटन झालं. आत्महत्या झालेल्या घरी पंचनाम्याला माणसं येतात, कॅमेरे येतात, आणि प्रत्येक जण बाईला तेच विचारतो: त्या दिवशी काय झालं? तिथे तिचं दुःख दुसऱ्याच्या सोयीने उकरलं जातं. तालमीत ती तेच पुन्हा पुन्हा बोलते, पण कुठे थांबायचं ते तिला ठाऊक असतं, आणि शब्द अडला तर सावरायला तशाच घरातली दुसरी शेजारी उभी असते. नाटकाने कर्ज फिटत नाही. ज्याची झोप उडाली आहे, जीव नकोसा झाला आहे, त्याला कवितेची कार्यशाळा पुरणार नाही. त्याला डॉक्टर हवा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी-सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आपल्या प्रत्येक ग्रंथालयात लावलेला असावा.

आणि आपण, साहित्यसंस्था चालवणारे? आपण कार्यशाळा घेतो, बायका-मुलांना मनातलं लिहा म्हणतो, त्यांतलं सर्वांत हेलावणारं पान स्मरणिकेत छापतो. हे मला सलतं. ते पान लिहिणारीचं आहे. तिला ते फाडायचं असेल, नाव बदलायचं असेल, सीतेच्या तोंडी घालायचं असेल, तर तो तिचा हक्क.

म्हणून आपल्या संस्थेच्या कार्यकारिणीला माझी विनंती आहे. यापुढे कार्यशाळेत लिहिलेला प्रत्येक कागद लिहिणाऱ्याच्या हाती परत द्यावा. छापायचा असेल तर काही दिवसांनी पुन्हा विचारावं आणि मानधन द्यावं. कार्यशाळेत शेवटचा माणूस घरी जाईपर्यंत एक प्रशिक्षित समुपदेशक हजर असावा. त्याच्या मानधनाची तरतूद यंदाच्याच अंदाजपत्रकात करावी.