जहाजाचे आयुष्य वाढवले, खलाशांचे काय?



रेल्वे-टपालवाल्यांच्या सभेत जहाजांची गोष्ट कशाला, असे काही जण विचारतील. ब्रिटनमधील रेल्वे कामगारांची आणि खलाशांची युनियन १९९० साली एक झाली. आरएमटी तिचे नाव. तेव्हा ही गोष्ट आपल्याच घरातली आहे.

ब्रिटिश नौदलाला भर समुद्रात तेल, दारूगोळा, धान्य पुरवणारी जहाजे रॉयल फ्लीट ऑक्झिलरी या खात्याची. खाते १९०५ चे, त्यातले खलाशी मात्र नागरी नोकर. त्यांचे ‘आर्गस’ जहाज १९८१ साली इटलीत कंटेनर वाहण्यासाठी बांधले. फॉकलंड युद्धात भाड्याने घेतले, १९८४ साली विकत घेतले, बेलफास्टच्या गोदीत पालटून १९८८ साली सेवेत आणले. पुढे त्यात शंभर खाटांचे इस्पितळ झाले. २०१४ साली इबोलाच्या साथीत ते सिएरा लिओनला गेले. आणि २०२२ साली सरकारने जाहीर केले, की ते २०३० नंतरही चालवायचे. म्हणजे जवळजवळ पन्नाशी!

आपल्याला याचे नवल नाही. माटुंग्याला डब्यांचे पीओएच होते, भोपाळच्या कारखान्यात अर्धे आयुष्य सरलेले डबे नवे होऊन निघतात. गंजका पत्रा कापायचा, नवा वेल्ड करायचा, वायरिंग उपसायचे. जहाजाचेही तेच, फक्त खाऱ्या पाण्याचा गंज जास्त हट्टी. जुने सरसकट मोडीत काढा असे आम्ही कधीच म्हणणार नाही. दुरुस्तीत कामगाराच्या हाताला काम आहे.

पण दुसरे जहाज पाहा. ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ १९९४ पासून सेवेत. जुनी दोन जहाजे २०२१ साली काढून टाकल्यावर दारूगोळा आणि कोरडा माल पुरवणारे हे एकच उरले. २०२४ साली तेही लिव्हरपूलजवळ धक्क्याला बांधून पडले होते. चालवायला माणसेच नव्हती! युनियनच्या हिशेबाने २०१० पासून महागाईच्या मानाने पगार तीस टक्क्यांहून अधिक घसरला होता. माणसे टिकणार कशी? १५ ऑगस्ट २०२४ रोजी, आपण इकडे झेंडावंदन करत होतो तेव्हा, तिकडे जहाजांवरचे अधिकारी संपावर गेले. ११९ वर्षांतला त्यांचा पहिला संप. त्याच वर्षी आरएमटीचे खलाशीही उतरले.

म्हणून आमच्या मागणीपत्रात एक कलम वाढवले आहे. यंत्रसामग्रीच्या आधुनिकीकरणाचा प्रस्ताव येईल, तेव्हा ती चालवणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या पदांची मंजुरी त्याच कागदावर हवी. रिकाम्या पदांची यादी प्रत्येक शाखेने पंधरा दिवसांत पाठवावी. टपालातील सोबत्यांनीही.